गेटेड प्लॉटिंगमध्ये प्लॉट घ्यायचाय? कमान नंतर बघा, आधी सातबारा, वाट आणि पाणी

गावाकडे गेटेड प्रोजेक्टमध्ये प्लॉट घ्यायचं खूळ सध्या जोरात आहे. मुंबई-पुण्यापासून दोन-तीन तासांच्या टप्प्यात, म्हणजे कर्जत, मुरबाड, शहापूर, मुळशी, मावळ, वाई, नाहीतर अजून लांब, खाली दापोली-गुहागर, जिकडे जाल तिकडे एक कमान, दोन्ही बाजूंना पामची झाडं आणि आत चुन्याने आखलेले चौकोन. घ्यायला काहीच हरकत नाही, चांगली प्रोजेक्ट्सही आहेत. फक्त एक लक्षात ठेवा, कमान, कंपाउंड आणि क्लबहाऊस डेव्हलपर आधी बांधतो कारण ते फोटोत दिसतं आणि त्याला तुलनेने स्वस्तात पडतं, वेळ आणि पैसा खातात ते एनए (जमीन बिगरशेती होणं), लेआऊटची मंजुरी, कायदेशीर रस्ता आणि बारमाही पाणी, आणि ह्यातलं काहीच फोटोत येत नाही. म्हणून आपण बघायचा क्रम उलटा ठेवायचा. हे सगळं महाराष्ट्रापुरतं लिहितोय, दुसऱ्या राज्यात कायदे वेगळे आहेत.

पहिला प्रश्न: नेमकं विकतायत काय?

जाहिरातीत सगळ्यालाच "प्लॉट" म्हणतात पण त्यात तीन वेगळे प्रकार असतात. एक म्हणजे एनए झालेला, लेआऊट फायनल मंजूर, प्रत्येक प्लॉटचा सातबारा वेगळा निघालेला. हा खरा प्लॉट. दुसरा, "एनए प्रोसेसमध्ये आहे हो, तीन महिन्यांत होईल". हे तीन महिने कधीकधी तीन वर्षं चालतात आणि दरम्यान तुमचे पैसे तिकडे अडकलेले असतात. तिसरा प्रकार म्हणजे शेतजमीन, तिचे कागदावर कुठेच नसलेले तुकडे पाडून "फार्महाऊस प्लॉट" किंवा "मॅनेज्ड फार्म" म्हणून विकतात, सातबारा सगळ्यांचा सामाईक.

ह्या तिसऱ्यापासून लांब राहा असंच मी सांगेन, कारणं ऐका. १९४८च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेताच येत नाही. त्यात १९४७चा तुकडेबंदी कायदा, त्याचं प्रमाणभूत क्षेत्र (ज्याच्या खाली तुकडा पाडता येत नाही ते) २०२३ साली कमी करून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केलंय, म्हणजे तुम्हाला दाखवलेले दोन-तीन गुंठे त्यात कुठेच बसत नाहीत. तुकडेबंदीत सरकारने वेळोवेळी सवलती दिल्यात, जुने तुकडे नियमित करायचे निर्णयही झालेत आणि एजंट त्याचंच भांडवल करतात, पण तुकडा नियमित होणं वेगळं आणि त्यावर बंगला बांधायची परवानगी मिळणं वेगळं. शेतजमिनीवर शेतघर बांधायलासुद्धा महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४१ प्रमाणे किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जमीन लागते. आणि सामाईक सातबाऱ्यावर तुमचं नाव लागलं तरी कुठला कोपरा तुमचा हे त्यावर लिहिलेलं नसतं. चाळीस जणांचा सातबारा असेल तर उद्या कर्ज काढायला, विकायला, वाटणी करायला प्रत्येक वेळी बाकीच्यांच्या मागे सह्यांसाठी फिरायचं.

पहिल्या प्रकारातही "एनए आहे" एवढ्यावर थांबू नका. ऑर्डरची प्रत मागा आणि बसून वाचा. कलेक्टरची ऑर्डर असेल तर ती महसूल संहितेच्या कलम ४४ खालची असते, पण जमीन विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक आराखड्यात रहिवास विभागात येत असेल तर ४२-ब किंवा ४२-क खाली रूपांतर कर भरून ती बिगरशेती धरली जाते, तिथे वेगळी एनए ऑर्डर नसली म्हणून घाबरायचं कारण नाही. बघायचं ते गट नंबर, क्षेत्र आणि अटी. गट पाच हेक्टरचा आणि एनए दोन हेक्टरचं, असं सर्रास असतं आणि तुमचा प्लॉट नेमका उरलेल्या तीनमध्ये असतो, "फेज टू" म्हणून.

मग लेआऊट. आधी तात्पुरतं रेखांकन (लेआऊटचा नकाशा) मंजूर होतं, मग जागेवर आखणी, रस्ते वगैरे, मोजणी आणि मग अंतिम रेखांकन. त्यानंतर भूमी अभिलेखकडून कमी-जास्त पत्रक (मूळ गटाचे प्लॉटवार तुकडे नोंदवणारा कागद) होतं आणि प्लॉटवार सातबारे सुटतात. सेल्सवाला "सेपरेट सातबारा" म्हणाला की त्याला एकच विचारा, कमी-जास्त पत्रक झालंय का. झालं असेल तर तो लगेच दाखवेल. नसेल तर विषय क्लबहाऊसकडे वळेल.

सातबारा असा वाचा

महाभूलेखवर सातबारा फुकट बघता येतो, डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो. डेव्हलपरने दिलेल्या पीडीएफवर विसंबू नका, स्वतः काढा, त्याच दिवसाची तारीख असलेला.

वरच्या बाजूला भूधारणा पद्धती लिहिलेली असते. भोगवटादार वर्ग १ असेल तर पुढे चला. वर्ग २ असेल तर जमीन सरकारच्या अटींवर दिलेली आहे, परवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय विकता येत नाही. देवस्थान इनाम, महार वतन असल्या जमिनींच्या भानगडी वेगळ्या, तिकडे वकिलाशिवाय पाऊलच टाकू नका.

मधल्या भागात खातेदारांची नावं, क्षेत्र आणि प्रत्येक नावासमोर फेरफाराचा (म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीचा) नंबर असतो. कंसात टाकलेली नावं म्हणजे कमी झालेली नावं, ती का कमी झाली तो फेरफार काढून वाचा. वडील वारले, मुलांची नावं लागली, आणि मुली? २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क आहे. वारस फेरफारात बहिणींची नावं असतील आणि नंतर कंसात गेली असतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र कुठंय ते बघा. बहिणींची नावं कधी लागलीच नसतील तर ते जास्त वाईट, कारण तो दावा कधीही उभा राहू शकतो, आणि जमिनीला भाव आला की राहतोच.

उजव्या बाजूचा "इतर अधिकार" हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि लोक नेमका तोच वाचत नाहीत. बँकेचा, सोसायटीचा बोजा तिथे असतो. "कूळ कायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र" असं असेल तर ती कुळाला मिळालेली जमीन आहे. तिच्या विक्रीला पूर्वी परवानगी लागायची, २०१४च्या दुरुस्तीनंतर खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर शेतसाऱ्याच्या चाळीस पट रक्कम भरून ते बंधन सुटतं, ती भरल्याची पावती आणि शेरा कमी झाल्याचा फेरफार मागा. महसूल संहितेच्या कलम ३६ किंवा ३६-अ चा शेरा, म्हणजे आदिवासी खातेदाराची जमीन, दिसला तर व्यवहार तिथेच सोडा. परवानगी नसताना झालेलं ते हस्तांतरण टिकत नाही, जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते, आणि जावी पण. शहापूर, जव्हार, कर्जत पट्ट्यात हे खास तपासा कारण कधीकधी शेरा सातबाऱ्यावर नसतो आणि जुन्या फेरफारात सापडतो.

वनाचा शेरा हा अजून एक. १९७५च्या खाजगी वन कायद्याखाली संपादित झालेल्या जमिनींवर लोकांनी प्लॉटिंग केल्याची उदाहरणं आहेत. डोंगराला लागून, झाडीतली जागा असेल तर वन विभागाचा दाखला बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. माथेरान (अधिसूचना २००३) आणि महाबळेश्वर-पाचगणी (२००१) हे इको-सेन्सिटिव्ह झोन आहेत, त्यांच्या हद्दीत बांधकामावर जास्तीची बंधनं येतात. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यांतही गावांची नावं दिलेली आहेत, आपलं गाव आहे का बघून घ्या. किनाऱ्यावर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरची बंधनं.

खाली प्रलंबित फेरफार "नाही" असं पाहिजे. "आहे" असेल तर तो कसला, ते तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तलाठीच म्हणतात) जाऊन विचारा.

आणि हो, क्षेत्र. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, बोलण्यात गुंठा, ब्रोशरमध्ये स्क्वेअर फूट. गुंठा म्हणजे १०८९ स्क्वेअर फूट आणि आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १०७६. एका गुंठ्यामागे तेरा फुटांचा फरक, छोटा वाटतो, पण दर फुटावर लावलेला असतो तेव्हा विचारायला लाजू नका. त्याहून मोठी मेख म्हणजे काही ठिकाणी रस्त्याचा आणि ओपन स्पेसचा हिस्सा धरून "सेलेबल एरिया" सांगतात, तीन हजार फूट म्हणतात आणि कंपाउंडच्या आत बावीसशे निघतात. सातबाऱ्यावर जेवढं नावावर येणार तेवढ्याचाच दर काढा आणि मग शेजारच्या प्रोजेक्टशी तुलना करा.

वाट

प्रोजेक्टच्या आतले रस्ते गुळगुळीत असतात, ते बघू नका. गाव रस्त्यापासून कमानीपर्यंतचा जो तुकडा आहे तो कोणाच्या गटातून जातो ते बघा. गावचा गट नकाशा ऑनलाइन मिळतो, त्यात सरकारी रस्ता, गाडीवाट, पाऊलवाट वेगवेगळी दाखवलेली असते. जागेवर तीस फुटी मुरूम रस्ता आणि नकाशावर पाऊलवाट किंवा काहीच नाही, असं निघालं तर मधला रस्ता कोणीतरी शेजारच्या शेतकऱ्याशी तोंडी बोलून केलेला आहे.

माझ्या ओळखीतल्या एकांकडे हेच झालं. प्लॉट एनए, सातबारा वेगळा, सगळं चोख. रस्ता मात्र शेजारच्या गटातून, त्या शेतकऱ्याला डेव्हलपरने पैसे देतो सांगितलं होतं आणि अर्धेच दिले. एका पावसाळ्यात त्याने जेसीबी लावून रस्त्याला आडवा चर मारला, अगदी कमानीच्या शंभर-दीडशे फूट अलीकडे. चूक त्याची नव्हती, जमीन त्याची होती. आतल्या वीसेक प्लॉटवाल्यांनी शेवटी वर्गणी काढून त्याचे उरलेले पैसे भागवले आणि रस्त्याच्या हक्काचा दस्त रजिस्टर करून घेतला. तो दस्त सुरुवातीलाच मागायला हवा होता, "ॲप्रोच रोडचा रजिस्टर्ड हक्क कुठंय" एवढं एक वाक्य. महसूल संहितेच्या कलम १४३ मध्ये तहसीलदार बांधावरून वाट देतात हे खरं, पण ती शेतीसाठी, शेतात जाण्यापुरती, तुमच्या एसयूव्ही आणि सिमेंटच्या ट्रकसाठी नाही.

उलटंही बघा. गावाची वहिवाट प्रोजेक्टच्या आतून जाते का? पाणंद, गुरांचा रस्ता, देवळाकडे किंवा स्मशानाकडे जाणारी वाट. तिच्यावर गेट लावून वॉचमन बसवला की गाव विरोधात जाणार, आणि गावाचंच बरोबर असतं. असल्या ठिकाणी ग्रामपंचायतीचं नळ कनेक्शन सोडाच, सुतारसुद्धा मिळत नाही. मंजूर लेआऊटमधले रस्ते पुढे कोणाच्या ताब्यात जाणार हे मंजुरीच्या अटींत लिहिलेलं असतं, सार्वजनिक राहणार असतील तर "गेटेड" ह्या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही.

पाणी आणि उतार

जागा दोनदा बघा, एप्रिल-मेच्या अखेरीला आणि भर जुलैत. डिसेंबरात सगळीच जागा सुंदर दिसते, सेल्सवाले साइट व्हिजिट तेव्हाच ठेवतात.

उन्हाळ्यात प्रोजेक्टच्या ऑफिसात विचारू नका, गावात विचारा. टँकर कधीपासून सुरू होतो, विहिरी कधी तळ गाठतात. आपल्याकडे बहुतेक भागात काळा पाषाण, पाणी भेगांतून मिळतं, त्यामुळे एका बोअरला दोन इंची पाणी आणि पन्नास फुटांवर कोरडा दगड असं चालतं. "आपली बोअर आहे" ह्याचा हिशोब करून बघा. शंभर प्लॉट, घरात चार माणसं, माणशी दिवसाला १३५ लिटर धरलं तर ५४ हजार लिटर रोज. बोअर तासाला हजार लिटर देत असेल तर ती चोपन्न तास चालवावी लागेल, दिवसाच्या चोवीस तासांत! त्यात स्विमिंग पूल आणि लॉन धरलेलंच नाही. सध्या आठ घरं आहेत म्हणून नळाला पाणी येतंय, भरल्यावर काय, हा प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. प्रत्येकाला स्वतःची बोअर मारू देणार का तेही विचारा, आणि देणार असतील तर खूश होऊ नका, शंभर बोअर एकाच दगडातून पाणी ओढणार आहेत.

पावसाळ्यात उतार बघा. माळीण २०१४, तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३, सह्याद्रीच्या उतारावर काय होतं हे आपण बघितलंय. ती गावं होती, प्लॉटिंग नव्हतं, पण डोंगर कापून पायऱ्या-पायऱ्यांचे प्लॉट पाडले, ओढे बुजवले आणि भरावावर घर बांधलं तर धोका आपण हातानेच ओढवून घेतो. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत १:५ पेक्षा जास्त उताराच्या जागेवर बांधकामाला मनाई आहे, तरी "व्हॅली व्ह्यू" म्हणून अशाच जागा चढ्या दराने विकल्या जातात. प्लॉटचा कुठला भाग कापलेला आणि कुठला भरलेला ते कडेच्या मातीवरून कळतं, कापलेल्या बाजूला दगडाचे थर दिसतात, भरलेल्या बाजूला ढिला मुरूम आणि पावसात त्याच्या घळी. अर्धा प्लॉट भरावावर असेल तर पायाचा आणि रिटेनिंग वॉलचा खर्च प्लॉटच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो, आर्किटेक्टला घेतानाच घेऊन जा, बांधताना नाही. नदीकाठी असेल तर जलसंपदा विभागाची निळी आणि लाल पूररेषा. निळीच्या आत असेल तर निघून या.

वीज त्यामानाने सोपी. प्रोजेक्टसाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर बसलाय की गावाच्याच डीपीवरून ओढलंय, आणि प्लॉटवरून हाय टेन्शन लाइन जात नाही ना, एवढं बघा. मोबाईलची रेंज स्वतःच्या फोनवर.

रेरा कशाची हमी देतो, कशाची नाही

जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि प्लॉट आठपेक्षा जास्त असतील तर महारेराकडे (राज्याचं रिअल इस्टेट नियामक प्राधिकरण) नोंदणी केल्याशिवाय जाहिरातही करता येत नाही, हे प्लॉटिंगलाही लागू आहे. ५०० चौरस मीटर म्हणजे पाच गुंठेही नाहीत, त्यामुळे "आमचं छोटं आहे म्हणून रेरा नाही" ही सबब सहसा चालत नाही. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडसुद्धा सक्तीचा आहे, तो स्कॅन करा. आत लेआऊट, पूर्ण करायची तारीख, किती प्लॉट विकले, जमिनीवर कोणाचं कर्ज, कुठल्या केसेस, सगळं असतं.

पण रेरा नंबर आहे म्हणजे सरकारने टायटल तपासून शिक्का मारला असं नाही. कागद डेव्हलपरनेच अपलोड केलेले असतात. म्हणून वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुन्या दस्तांची छाननी) घ्यायचाच, आणि वकील आपला, डेव्हलपरच्या ऑफिसात बसणारा नाही. शेतकऱ्यांनी डेव्हलपरला कुलमुखत्यारपत्र दिलेलं असेल तर ते नोंदणीकृत आहे का आणि देणारा हयात आहे का, दोन्ही बघायला सांगा.

रेराचा खरा उपयोग दोन ठिकाणी होतो. एक, नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाहीत. "ह्या वीकेंडलाच ऑफर आहे, पन्नास टक्के भरा" म्हणाला की हे कलम १३ त्याला ऐकवा. आणि दुसरं म्हणजे नोंदवलेल्या लेआऊटची हद्द. क्लबहाऊस, पूल, मंदिर, हेलिपॅड (हो, हेही बघितलंय ब्रोशरात) ह्या हद्दीच्या आत आहे का बाहेर? खूपदा ते शेजारच्या गटात असतं, डेव्हलपरच्या दुसऱ्या कंपनीच्या नावावर, म्हणजे उद्या त्याने तिथे रिसॉर्ट काढलं तर तुम्ही तिथे गिऱ्हाईक म्हणून जायचं. किंवा ओपन स्पेसवर असतं. ०.४ हेक्टरच्या वरच्या लेआऊटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावीच लागते, ती सुविधा म्हणून तुम्हाला "दिलेली" नसते.

बँक कर्ज देते का हीसुद्धा चांगली चाचणी आहे. कर्ज नको असलं तरी दोन बँकांत विचारून बघा. प्रोजेक्टचं नाव ऐकूनच नाही म्हणाले तर का ते विचारा, त्यांच्या वकिलाला काहीतरी दिसलेलं असतं.

गेटच्या आतला कारभार

बुकिंगच्या आधी करारनाम्याचा मसुदा आणि सोसायटीचे नियम घरी न्यायला मागा. तिथे सह्या करून टाकायला सांगतात, करू नका.

मसुद्यात काय शोधायचं, तर रस्ते, ओपन स्पेस, पाण्याची टाकी हे सोसायटीच्या नावावर कधी होणार, तारीख. मेंटेनन्स स्क्वेअर फुटावर असतो, घर बांधलेलं असो वा नसो, तो दरवर्षी किती वाढणार आणि कोण ठरवणार. अमुक वर्षांत बांधकाम केलं नाही तर दंड आहे का. आमच्याच कॉन्ट्रॅक्टरकडून बांधायचं अशी अट आहे का, हे एक कलम खूप महागात पडतं कारण मग दर तो सांगेल तो. विकताना एनओसीचे किती पैसे. भाड्याने किंवा होमस्टेला देता येईल का, अनेकांचं गणितच त्यावर असतं आणि नियमात बंदी निघते.

आणि एखाद्या मंगळवारी-बुधवारी जाऊन या, शनिवारी नाही. मधल्या वारी गेटवर कोण असतं, दिवे लागतात का, किती घरात माणूस आहे ते कळतं. शंभर प्लॉट विकलेत आणि सहा घरं उभी आहेत असं असेल तर बाकीचे लोक गुंतवणूकवाले, ते मेंटेनन्स थकवतात, आणि सहा घरांच्या पैशांत तीन वॉचमन, दिवे आणि रस्त्याची डागडुजी होत नाही. डेव्हलपर शेवटचा प्लॉट विकला जाईपर्यंत स्वतः खर्च करतो, त्यानंतर काय होतं हे त्याच्या पाच-सात वर्षं जुन्या प्रोजेक्टमध्ये जाऊन तिथल्या एखाद्या घराची बेल वाजवून विचारा. लोक बोलतात. फार बोलतात.

पैसे आणि कागद

मुद्रांक शुल्क करारातली किंमत किंवा रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला दर), जे जास्त असेल त्यावर. नोंदणी फी एक टक्का, कमाल ३० हजार. व्यवहार ५० लाख किंवा वर असेल तर एक टक्का टीडीएस तुम्ही कापायचा. प्लॉटच्या विक्रीवर जीएसटी नाही, रस्ते-गटारं केलेला डेव्हलप्ड प्लॉट असला तरी नाही, हे ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय, कोटेशनमध्ये तो लावला असेल तर विचारा कशावर.

एक प्रकार नीट ओळखा. प्लॉटचं खरेदीखत दहा लाखांचं आणि "डेव्हलपमेंट ॲग्रीमेंट" वेगळं पंधरा लाखांचं, नोटरी केलेलं, म्हणजे स्टॅम्प वाचला असं सांगतात. वाचला त्याचा फायदा कमी आणि उद्या पैसे परत मागायची वेळ आली तर तुमच्या हातात नोंदणीकृत कागद दहा लाखांचाच. रोखीने काही मागत असेल तर तेच.

टोकन द्यायचं तर थोडं, चेकने, आणि "टायटल क्लिअर न निघाल्यास परत" असं पावतीवर लिहून घेऊन. मग सर्च, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, आणि खरेदीखताच्या आधी मोजणी. मोजणीला डेव्हलपर कुरकुरतो, पण भूमी अभिलेखच्या मोजणीची क प्रत (मोजणीचा नकाशा) मागायचीच आणि त्या नकाशाप्रमाणे चारही कोपऱ्यांवर दगड किंवा काँक्रीटचे पोल स्वतः उभं राहून रोवून घ्यायचे. चुन्याच्या रेषा एका पावसात जातात आणि मग शेजारचा प्लॉट हळूहळू रुंद व्हायला लागतो.

खरेदीखत झालं की इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) घ्या आणि फेरफाराच्या मागे लागा. नोंद आपोआप ऑनलाइन जाते असं म्हणतात पण ती मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करेपर्यंत हरकतीचे पंधरा दिवस आणि वर आणखी काही आठवडे जातात, दर आठवड्याला महाभूलेखवर बघत राहा, नावाचं स्पेलिंग आणि क्षेत्र दोन्ही. नाव लागल्यावर ताजा सातबारा डाउनलोड करा, ग्रामपंचायतीत मोकळ्या प्लॉटची नोंद करून घ्या, तारेचं कुंपण आणि नावाची पाटी लावा, आणि कोपऱ्यांच्या पोलचे लोकेशनसह फोटो काढून क प्रतीसोबत एकाच फाइलमध्ये ठेवा.